नाव घातले, पुढे काय?

आमच्या परिचयातील एका गृहिणीने गेल्या वर्षी संगणकावरील एका विनामूल्य अभ्यासक्रमात मोठ्या हौसेने नाव घातले. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले, धडे मागे पडले, आणि वही कपाटात गेली. "आमच्यात चिकाटीच नाही हो," असे त्या आजही म्हणतात. हा दोष त्यांनी एकट्यानेच माथी घ्यावा काय, असा प्रश्न आम्हांस पडला.

अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेने २०१२ साली विद्युत्-मंडले व इलेक्ट्रॉनिकी हा अभ्यासक्रम साऱ्या जगास खुला केला. १,५४,७६३ जणांनी नावे नोंदविली. पहिल्या गृहपाठात निदान एक गुण मिळविणारे २६,३४९ निघाले; मधली परीक्षा ९,३१८ जण उत्तीर्ण झाले आणि प्रमाणपत्र ७,१५७ जणांच्या हाती पडले. शंभरांत पाचसुद्धा नाहीत!

आकडे नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते, की सर्वांत मोठी गळती उंबरठ्यावरच झाली. नाव घालण्यास फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. तेव्हा नुसते डोकावून जाणारे पुष्कळ. वाचनालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्यास आपण नापास म्हणत नाही. मधल्या परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांची गळती मात्र पुढे बरीच ओसरली.

हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या अशा अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्यांपैकी शेकडा तीनच्या आसपास लोकांनी अभ्यास पुरा केला. परंतु प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण शेकडा शेहेचाळीस होते. पैसा भरणारा मुळातच निश्चय करून आलेला असतो, हे खरे. तरीही सर्वांनाच पदर मोकळा करणे परवडत नाही. त्यांनी काय करावे?

एम.आय.टी.च्याच त्या पहिल्या वर्गात शेवटपर्यंत टिकलेल्यांची पाहणी झाली, तीत एक साधी गोष्ट आढळली. संगणकाबाहेर एखाद्या सहाध्यायाबरोबर किंवा जाणत्या माणसाबरोबर बसून अभ्यास करणाऱ्यांचे गुण, एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा सुमारे तीनांनी अधिक होते. पाहणी गुणांची होती, टिकून राहण्याची नव्हे. पण सोबतीचे मोल तीतून कळते.

भारत सरकारचे 'स्वयम्' २०१७ पासून सुरू आहे. तेथे शिकणे विनामूल्य. प्रमाणपत्र हवे असल्यास फी भरून परीक्षा द्यावयाची. व्याख्याने घरबसल्या मिळतात. शेजारी बसणारे माणूस मात्र आपणच मिळवावयाचे असते.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच : घरातील सुनेने, नातवाने किंवा निवृत्त आजोबांनी असे नाव घातले असेल, तर आठवड्यातील एक संध्याकाळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. आपल्या मंडळांच्या वाचनालयांत दोन खुर्च्या सहज निघतील. विषय तुम्हांस कळलाच पाहिजे असे नाही. "या आठवड्यात कुठवर आलात?" असे आपुलकीने विचारणारे कोणी असले, तर कपाटातील एखादी वही पुन्हा उघडेल.