चौकट : कर्णधार सोडला, करंडक आला

अमेरिकेतल्या एनबीएमध्ये बास्केटबॉल संघ आपला हुकमी खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकतात आणि बदल्यात तरुण पोरं घेतात. आपल्या प्रो कबड्डी लीगमध्ये अशी थेट देवघेव क्वचित. इथे खेळाडूला 'रिलीज' करायचं आणि लिलावात नव्याने बोली लावायची. मोंढ्यात ज्यांनी सौदे पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुणेरी पलटण या संघाचंच बघा. २०२२च्या हंगामात इराणचा फजल अत्राचली कर्णधार होता. संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरला. पुढच्या लिलावाआधी पलटणने एकतिशीतल्या फजललाच मोकळं केलं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही तरुण फळी मात्र राखली. बचावात फजल सांभाळायचा त्या डाव्या कोपऱ्यात आला त्याच्याच देशाचा, तेवीस वर्षांचा मोहम्मदरेझा शादलू. किंमत २ कोटी ३५ लाख! लिलावासाठी संघाची थैली होती ५ कोटींची. म्हणजे जवळपास निम्मी एकावरच. छातीच पाहिजे.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं.

मग शादलूलाही सोडलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं. २९ डिसेंबर २०२४ला पुण्यातच, बालेवाडीत, करंडक हरियाणाने नेला. पलटण बाद फेरीतही नव्हती.