शून्य आणि कोरा रकाना

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत चतुर्भुजाचं एक चिमुकलं देऊळ लागतं. अखंड कातळातून कोरलेलं. त्यातल्या शिलालेखावर विक्रम संवत 933 म्हणजे इसवी सन 876 हा काळ नोंदलेला आहे. मजकूर दानाचा आहे: फुलबागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन, आणि देवाला रोज 50 माळा. या 270 आणि 50 मधलं शून्य आजच्यासारखंच आहे, इवलंसं वाटोळं. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा तो आकडा शाळेतल्या पोरालाही वाचता येतो, हे पाहून अंगावर काटा येतो.

270 मधलं ते शून्य काय सांगतं? एककाच्या घरात काही नाही, आणि नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण ठाऊकच नसेल तर काय लिहायचं? हा प्रश्न देवळापेक्षा बाजारात जास्त भेटतो.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी 1905 मध्ये सुरू केलेला व्यापार मेळा आजही थंडीच्या दिवसांत ग्वाल्हेरात भरतो. समजा, तिथल्या एका गजकवाल्याने (गजक म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत मिठाई) गिऱ्हाइकांना विचारलं, ‘आमच्या घरपोच सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?’ पाच कागद परत आले. त्यांवरची उत्तरं अशी: 5, 4, कोरं, 5, कोरं. संध्याकाळी पुतण्या ते संगणकावर चढवायला बसला. रिकामा रकाना बरा दिसत नाही म्हणून त्याने कोऱ्या जागी शून्य टाकलं. बेरीज 14, भागिले 5, सरासरी 2.8. काका हबकले. खरं तर उत्तरं तिघांनीच दिली होती. 14 भागिले 3 म्हणजे जवळजवळ 4.7. दोन शून्यांनी चांगल्या सेवेला नापास करून टाकलं.

डेटाबेस सॉफ्टवेअर वापरलं असतं, तर ही चूक टाळायची सोय त्यात आधीच होती. एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 मध्ये आयबीएममध्ये असताना एक विलक्षण साधी कल्पना मांडली: सगळी माहिती तक्त्यांत ठेवा, प्रत्येक गोष्ट एकदाच लिहा आणि तक्ते एकमेकांशी सामायिक क्रमांकाने जोडा. पुढे 1985 मध्ये त्याने अशा डेटाबेससाठी नियम सांगितले, तेही शून्यापासून बारापर्यंत क्रमांक देऊन. त्यातला तिसरा नियम कोऱ्या रकान्याचा आहे. माहिती नसेल तर तशी वेगळी खूण हवी, आणि ती खूण शून्याहून निराळी हवी. या खुणेला ‘नल’ म्हणतात. आपल्या सरकारी कचेऱ्यांत हा भेद जुना आहे. तिथे काहीच नसेल तर रकाना कोरा सोडत नाहीत, ‘निरंक’ लिहितात. पाहिलं, मोजलं, काही निघालं नाही, याची ती ग्वाही असते. निरंक म्हणजे शून्य; नल म्हणजे अजून मोजलंच गेलं नाही.

पुतण्याने ते दोन रकाने नल ठेवले, की सरासरी काढताना डेटाबेस त्यांना आपणहून वगळतो. ‘ओळी किती?’ विचारलं तर 5 सांगतो, ‘गुण किती जणांनी दिले?’ विचारलं तर 3. आता खरी गंमत पाहा. त्याला विचारा, ‘तीनपेक्षा कमी गुण देणारे किती?’ उत्तर येतं, 0. ‘तीन किंवा जास्त देणारे किती?’ उत्तर येतं, 3. माणसं तर पाच आहेत! उरलेले दोघे दोन्ही यादींत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. इथे डेटाबेस तिसरं उत्तर मानतो: ‘सांगता येत नाही’. नल आणि नल सारखे का, असं विचारलं तरी तो हेच म्हणतो. दोन बंद पाकिटांतली पत्रं सारखी आहेत का, हे न उघडता कोण सांगणार? यंत्राकडून इतका प्रामाणिकपणा मिळतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

म्हणून या रकान्यांना गाठायला वेगळा प्रश्न लागतो: ‘गुणांचा रकाना नल आहे अशी माणसं दाखव.’ आणि इथेच तक्ते जोडण्याची करामत दिसते. एका तक्त्यात उत्तरं आणि गिऱ्हाइकाचा क्रमांक. दुसऱ्यात तोच क्रमांक आणि राहण्याचा भाग. दोन्ही जोडले की दिसतं, गुण देणारे तिघेही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आणि कोरं सोडणारे दोघेही मुरार भागातले. पाच माणसांवरून निष्कर्ष काढू नये, पण पाच हजारांतही असंच दिसलं तर? कदाचित माल पोचवणारा पोऱ्या मुरारपर्यंत जातच नसेल, मग गुण तरी कशाला देणार! संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये हाच मुद्दा गणिताने मांडला: उत्तर का गहाळ झालं हे पाहिल्याशिवाय उरलेल्या उत्तरांवर विसंबू नये. म्हणजे 4.7 ही सरासरीसुद्धा फक्त लष्कर भागाची ठरते, ग्वाल्हेरची नाही.

हे सगळं करायला मोठा संगणकही लागत नाही. एसक्यूलाइट नावाचा फुकट मिळणारा डेटाबेस बहुतेक स्मार्टफोनमध्ये आधीपासूनच असतो. लागतो तो थोडा धीर, रिकामी जागा पाहून हात शिवशिवले तरी ती भरून न टाकण्याचा.

चतुर्भुजाच्या देवळात कुणा कारागिराने ‘काही नाही’साठी दगडात जागा कोरली. कॉडने त्याच्या शेजारी ‘ठाऊक नाही’साठी जागा करून दिली. आता गजकवाल्याने एवढंच करायचं: मुरारच्या त्या दोन घरी जाऊन विचारायचं, ‘काका, आमची गजक तुमच्यापर्यंत पोचते ना?’