यात्रेकरूंची मरियामाता

रोममधील संत ऑगस्टीनच्या ख्रिस्तमंदिरात काराव्हाज्जोने सुमारे १६०५ साली रंगविलेले मरियामातेचे चित्र आहे. इटलीतील लोरेतो येथील मातेचे घर देवदूतांनी आकाशमार्गे आणले, अशी श्रद्धा. म्हणून पूर्वीचे चित्रकार तिला उडत्या घरावर बसवीत. येथे मात्र ती पोपडे निघालेल्या भिंतीच्या घरी, उंबरठ्यावर, बाळ येशूला कडेवर घेऊन अनवाणी उभी आहे. पुढे दोन दरिद्री यात्रेकरू गुडघे टेकून आहेत; पुरुषाचे मळके तळवे थेट आपल्याकडे वळलेले! वेदीवरील चित्रात असले पाय पाहून लोकांत गलबला झाल्याचे समकालीन चित्रकार बाल्योने याने लिहून ठेवले आहे. परंतु तो मळ हीच त्यांच्या वाटचालीची साक्ष होय. ‘पाय धुऊन या’ असे माता म्हणत नाही. ती त्यांच्याकडे वाकून पाहते.