मुक्या जिवाची गाठ

‘अगं, चरबीची गाठ असेल, जिरेल आपोआप!’ घरातल्या बाईने स्वतःच्या अंगावरची गाठ दाखवली तरी हेच ऐकायला मिळतं. मग कुत्र्याच्या गाठीची काय कथा? ‘माणसांच्या औषधाला पैसे नाहीत आणि हिला कुत्र्याचं पडलंय’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. पण मैत्रिणींनो, घरातल्या कुत्र्याला आंघोळ कोण घालतं? त्याची भाकरी-दूध कोण बघतं? आपणच. म्हणजे गाठ पहिल्यांदा आपल्याच हाताला लागते आणि पुढचं पाऊलही आपल्यालाच उचलावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची गोष्ट सांगते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, काका गेल्यावर घरात त्या आणि त्यांची चिंगी. आठ वर्षांची पॉमेरियन, नसबंदी केलेली नव्हती. एकदा पोटावरून हात फिरवताना काकूंना शेवटच्या सडाजवळ हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. त्या लगेच जवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांचा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो. त्यांनी हाताने चाचपून पाहिलं, ‘काही नाही, वयाने होतं’ म्हणाले आणि गोळ्या दिल्या. अडीच महिन्यांत हरभऱ्याची सुपारी झाली. पुन्हा गेल्या तर, ‘आता म्हातारी झाली हो ती, कशाला त्रास देता?’

काकू घरी येऊन रडल्या. दुसरीकडे दाखवू या म्हटलं, तर म्हणाल्या, ‘डॉक्टरांना काय वाटेल? उद्या अडीनडीला त्यांच्याच दारात जायचंय.’ लहान गावात हीच खरी अडचण असते. डॉक्टर एकच आणि ते ओळखीचे. त्यांना डावलून दुसरीकडे जाणं म्हणजे विश्वासघात वाटतो. पण तसं नसतं. काकूंनी धीर करून विचारलं, ‘डॉक्टर, एकदा मोठ्या रुग्णालयात दाखवून आणू का? चिठ्ठी द्याल?’ डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. रागावणं राहिलं दूर, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

मुलाने रजा काढली आणि भाड्याच्या गाडीतून चिंगीला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. तिथे आधी छातीचा एक्स-रे काढला, कारण स्तनाचा कॅन्सर पसरला तर बरेचदा फुप्फुसात जातो. छाती स्वच्छ निघाली. मग रक्त तपासून ऑपरेशन केलं आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवली. गाठ कॅन्सरचीच होती, पण लहान असतानाच निघाली आणि कडा स्वच्छ आल्या. या गोष्टीला आता पावणेदोन वर्षं झाली. चिंगी अजून दूधवाल्यावर भुंकते.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की ऑपरेशनच करावं लागतं, असं मात्र नाही. बचत गटातल्या एका ताईंच्या लॅब्रेडॉरच्या बरगडीवर लिंबाएवढी मऊ गाठ होती. एका ठिकाणी ‘उद्याच कापू या’ सांगितलं. कुत्रा अकरा वर्षांचा, भूल सोसेल का याची घरात धास्ती. ताईंनी दुसऱ्या डॉक्टरना दाखवलं. त्यांनी बारीक सुई टोचून आतल्या पेशी काचेवर घेतल्या. निव्वळ चरबी निघाली! ऑपरेशन टळलं. दर महिन्याला माप घ्यायचं, एवढंच ठरलं.

या दोन्ही गोष्टींतून एकच धडा घ्यायचा. नुसता हात लावून गाठ साधी की वाईट, हे कितीही अनुभवी डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. मास्ट सेल नावाचा कातडीचा कॅन्सर तर हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा किंवा किडा चावल्यासारखा दिसू शकतो, मध्येच फुगतो, मध्येच बसतो. म्हणून मोठी साधी खूण लक्षात ठेवा. मटारच्या दाण्याएवढी गाठ महिनाभर टिकली किंवा वाढायला लागली, तर ‘बघू पुढे’ म्हणायचं नाही, सुईची तपासणी मागायची. गाठ भराभर वाढते, फुटून चिघळते, रक्त येतं, खाली घट्ट चिकटलेली वाटते किंवा कुत्रा जेवण सोडून वाळायला लागतो, तर महिनाही थांबू नका.

मादीच्या पोटावर सडांच्या साधारण पाच जोड्या असतात आणि गाठी मागच्या जोड्यांत जास्त येतात. तिथल्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. या ठिकाणी सुईच्या तपासणीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. बहुतेक वेळा गाठ काढून बायोप्सी केल्यावरच नक्की कळतं. 1969 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पहिल्यांदा माजावर येण्याआधी नसबंदी केलेल्या मादीत हा धोका, नसबंदी न केलेल्या मादीच्या तुलनेत, अर्ध्या टक्क्यावर येतो. एका माजानंतर केली तर 8 टक्के आणि दोननंतर 26 टक्के. नसबंदी नेमकी कोणत्या वयात करावी यावर आज डॉक्टरांत मतभेद आहेत, म्हणून आपल्या कुत्रीची जात आणि वजन सांगून विचारून घ्या.

गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या मैत्रिणींसाठीही एक गोष्ट. भटक्या कुत्र्याच्या लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ आणि टपटप रक्त दिसलं, की लोक ‘हा गेला आता’ म्हणतात. बरेचदा तो समागमातून पसरणारा कॅन्सर असतो. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली, तर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

दुसरा सल्ला घ्यायला जाताना तयारी करून जा. गाठ कधी दिसली, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. शिवणकामाच्या टेपने माप घ्या. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा. आधीची चिठ्ठी, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या. पहिले डॉक्टर काय म्हणाले ते सांगा, पण तक्रारीच्या सुरात नको. आणि हे प्रश्न न लाजता विचारा: तुम्हाला काय वाटतं आणि ते नक्की कशाने कळेल? काढली नाही तर काय होईल? या वयात भूल झेपेल का? सगळा खर्च किती? शेवटचा प्रश्न विचारण्यात कसला आलाय कमीपणा?

ऑपरेशन गावातच केलंत तरी काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका. ती फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवायला सांगा, नाहीतर पुढचा सल्ला कशाच्या आधारावर मिळणार? गाठीला चुना, हळद, बिब्बा लावू नका, दाबून पिळू नका. आणि आपल्या डब्यातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम तर मुळीच नको, कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकते.

जायचं कुठे? महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला आहेत. मुंबईचं महाविद्यालय तर 1886 सालचं. शिकवण्याच्या रुग्णालयात गर्दी असते, वेळ जातो, पण एकाच कुत्र्याकडे चार डोकी बघतात. 2024 साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं. इतकं लांब जमत नसेल, तर जिल्ह्याच्या गावी कुत्र्या-मांजरांचेच रुग्ण बघणारे डॉक्टर शोधा.

कधीकधी दुसरा डॉक्टरही तेच वाईट उत्तर देतो. कॅन्सर पसरलेला असतो आणि वेदना कमी करणं एवढंच हातात उरतं. तरीही गेलेली फेरी वाया जात नाही. आपण कळून-सवरून निर्णय घेतला, एवढं समाधान उरतं.

आणि जाता जाता, आरोग्य शिबिरांत नेहमी बोलते ते इथेही बोलते. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. तरी किती जणी गाठ पदराआड लपवून वर्ष-वर्ष काढतात! कुत्रीसाठी भाड्याची गाडी करून धावणाऱ्या आपण, स्वतःसाठी मात्र ‘सण होऊन जाऊ दे, परीक्षा होऊन जाऊ दे’ म्हणतो. मुक्या जिवाला बोलता येत नाही म्हणून आपण त्याच्या वतीने विचारायचं. आपल्याला तर देवाने तोंड दिलंय. मग स्वतःसाठीही विचारा ना!