ओढ्याकाठची रानवाट

जीपगाडी आपल्याकडे कुणाला नवीन नाही. जंगलखात्याची जीप, निवडणुकीची जीप आपण सर्वांनी पाहिली आहे. पण चार दिवसांची सुट्टी पडली की तंबू, भांडीकुंडी आणि मुलेबाळे गाडीत घालायची आणि मुद्दाम वाईट रस्ता शोधत निघायचे, हा प्रकार आपल्याकडे तितका रुळलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र तो चांगलाच रुळला आहे. मेलबर्नला आता पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. लेकीकडे किंवा मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना एखादे वेळी अशा गाडीत बसण्याचा योग येईल. तेव्हा ही काय भानगड आहे, ते समजून घेऊ.

पहिला प्रश्न असा की, त्या डोंगरात एवढ्या वाटा आल्या कुठून? हौशी लोकांसाठी त्या कुणी केलेल्या नाहीत. काही गुराख्यांच्या, काही सोने शोधणाऱ्यांच्या. पण पुष्कळशा वाटांच्या मागे आग आहे. जानेवारी १९३९ मध्ये व्हिक्टोरियात भयंकर वणवे पेटले. ७१ माणसे गेली. लाकूड कापण्याच्या गिरण्या तेव्हा ऐन रानात असत आणि तेथून बाहेर पडायला धड रस्ता नसे. कित्येक कामगार तिथेच सापडले. नंतर न्यायमूर्ती स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने जे सुचवले, त्यात वणवा विझवणाऱ्यांना आत जाता यावे म्हणून रानात रस्ते करावेत, हेही होते. पुढे जळालेली झाडे बाहेर काढण्यासाठी आणखी रस्ते झाले. आज ज्या वाटेवर सुट्टीतली मंडळी धूळ उडवीत जातात, ती वाट बहुधा अशी आहे. वणव्याच्या दिवसांत आजही तिच्यावरूनच बंब जातो.

म्हणून ती वाट टिकली पाहिजे. आणि मातीच्या वाटेचा खरा वैरी म्हणजे पाणी. आपल्या खेड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. ओल्या चिकणमातीवरून जड गाडी गेली की चाकोरी पडते. पुढचा पाऊस त्याच चाकोरीतून धावतो, तिची घळ होते आणि सगळी माती खालच्या ओढ्यात जाते. तिथे दगडांच्या फटीत माशांची अंडी असतात, किडे असतात. त्यांच्यावर गाळाचा थर बसतो. हे टाळण्यासाठी उतारावर ठिकठिकाणी मातीचे आडवे उंचवटे घातलेले असतात. नवख्याला वाटते, कुणीतरी त्रास द्यायला ढिगारे टाकलेत! ते वाटेवरचे पाणी बाजूच्या रानात वळवतात, आपल्या शेतातल्या बांधासारखे. त्यांना वळसा घालून बाजूने गाडी काढणारा माणूस पाण्यालाच नवी वाट करून देतो.

याच कारणासाठी तिथल्या कित्येक वाटांची फाटके जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत बंद असतात. तो त्यांचा हिवाळा, पावसाचा आणि बर्फाचा काळ. गंमत अशी की, आपल्या पावसाळ्याचे महिनेही साधारण तेच. बंद फाटकाच्या बाजूने गाडी घालणारे महाभाग तिथेही निघतात. गाडी चारही चाकांनी ओढते, मग अडायचे कशाला, असा त्यांचा हिशेब. गाडी जाईल हो, पण मागे काय ठेवून जाईल?

आता गाडीविषयी. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते, हिच्यात चारही चाकांना. शिवाय गिअरची एक जादा पेटी असते. तिच्यामुळे गाडी अगदी सावकाश पण भरपूर जोराने चालते. तीव्र उतारावर ब्रेक दाबून ठेवला तर चाके घसरतात. म्हणून त्या हळू गतीचा पहिला गिअर टाकावा आणि इंजिनालाच गाडी धरू द्यावी. खडकाळ वाटेवर चाकातली हवा कमी करतात, ३५-४० पौंडांवरून सुमारे २५ पर्यंत. चाक थोडे बसते, जमिनीला अधिक टेकते, पकड वाढते आणि वाटही कमी उखडते. डांबरी रस्त्यावर परत येताच हवा भरावी लागते, म्हणून पंप जवळ हवाच.

ओढा ओलांडणे हे या सगळ्यातले नाजूक काम. आधी खाली उतरून पायी जावे, हातात काठी घ्यावी आणि तळ चाचपावा. जिथे पायी जायला भीती वाटते तिथे गाडी घालू नये. वर डोंगरात पाऊस झाला असेल, तर इथे ऊन असतानाही पाणी चढते. कोकणातल्या माणसाला हे पक्के ठाऊक आहे. पाण्यात शिरताना गती बेताची आणि एकसारखी ठेवावी, मध्येच गिअर बदलू नये. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर मोठे नुकसान होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग आतला लोखंडी दांडाच वाकतो. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोनचारदा हलके दाबून वाळवून घ्यावेत. पुष्कळजण नेमके हेच विसरतात.

मुक्कामासाठी मॅन्सफील्ड गावापलीकडे हौक्वा नदीचे खोरे फार नावाजलेले आहे. तिथे शीपयार्ड फ्लॅट नावाची सपाट हिरवी जागा आहे. नदी जवळून वाहते आणि रात्रभर तिचा आवाज येतो. तंबू अगदी पाण्याला चिकटून ठोकावासा वाटतो. पण सरकारी जंगलात पाण्यापासून निदान २० मीटर दूर राहण्याचा नियम आहे, आणि रात्री पाणी चढले की त्याचा अर्थ कळतो. वरही बघावे. तिथल्या गम झाडांच्या मोठमोठ्या फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात, म्हणून सावलीच्या मोहाने त्यांच्याखाली झोपू नये. साबण ओढ्यात नेऊ नये. बादलीत पाणी घेऊन दूर जाऊन भांडी घासावीत.

राहिली चूल. तयार चूल नसेल तर ३० सेंटिमीटर खोल चर खणायचा, भोवतालचा ३ मीटरचा पालापाचोळा साफ करायचा आणि जाळ एका मीटरपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. आग लावण्यास बंदी असलेल्या दिवशी काडीसुद्धा ओढायची नाही. थंड भाकरतुकडा खायचा. निघताना चुलीवर माती लोटू नये, कारण मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे. मग राखेला हात लावून बघावा. ती थंडगार लागली, की तंबूचे खुंट काढायला हरकत नाही.