जुळ्यांचं रडणं: ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

जुळी बाळं रडकी असतात, असं सर्रास म्हटलं जातं. साधा हिशेब मात्र वेगळं सांगतो. पहिल्या ६ आठवड्यांत धडधाकट बाळही दिवसाकाठी सरासरी २ तास रडतं. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस हे रडणं तासाभरावर येतं. म्हणजे दोन्ही बाळं चारचौघांसारखी असली तरी त्या घरात रोज ४ तासांचं रडणं होणारच. त्यातलं बरंचसं दिवेलागणीनंतर, सगळे थकलेले असताना. बाळांत काही बिघाड नसतो आणि आईच्या हाताला गुण नाही, असंही नसतं. हे आधी सांगायला हवं, कारण घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बहुतेक सल्ले कुणाचं तरी चुकतंय असं धरूनच दिले जातात.

‘तीन महिने कळ काढ, मग शांत होतील,’ असं आजी सांगते. पूर्ण दिवसांच्या बाळाबाबत ते खरं आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली आयांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून दाखवलं की रडणं आधी वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं आणि मग ओसरतं. पण जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधीच जन्मतात, आणि रडण्याचं हे वेळापत्रक जन्मतारखेवर चालत नाही. ते डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजायचं असतं. ३४ आठवड्यांना जन्मलेल्या जुळ्यांचं रडणं जन्मानंतर साधारण बाराव्या आठवड्यात टिपेला पोचतं. घरातले ‘आता संपायला हवं होतं’ म्हणू लागतात, नेमके तेच हे दिवस. मग डॉक्टर बदलले जातात, दूध बदललं जातं, आईच्या जेवणातून डाळी, वांगी, बटाटे एकेक करून वजा होतात. कॅलेंडरवर मूळ तारीख ठळक लिहून ठेवा आणि तिथून ६ आठवडे मोजा. हा आकडा माहीत असता तर कितीतरी आयांचे ते दिवस कमी भीतीत गेले असते.

दुसरा आरोप दुधावर होतो. ‘एकीच्या दुधात दोघांचं कसं भागणार?’ दूध मागणीप्रमाणे तयार होतं. दोन बाळं ओढतात तेव्हा बहुतेक आयांचं शरीर दोघांपुरतं दूध तयार करू शकतं, मात्र सुरुवातीला वारंवार पाजावं लागतं. पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर पोट भरतं आहे. दोघांना एकदम पाजायचं तर आईनं टेकून बसावं, मांडीवर रुंद उशी घ्यावी आणि दोन्ही बाळं दोन काखांत धरावीत, पाय तिच्या पाठीकडे, डोकी पुढे. पहिले काही दिवस बाळं हातात द्यायला दुसरं माणूस लागतंच. दूध खरोखर कमी पडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध देण्यात काहीही कमीपणा नाही. कमी दिवसांच्या बाळांसाठी मातृदुग्धपेढी हाही मार्ग आहे. आशियातली अशी पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली.

बाळ पाय पोटाशी घेतं, चेहरा लाल होतो, पोट टणक लागतं. मग ‘पोटात दुखतंय’ हे निदान घरातच होतं आणि बाटली उघडते. खरं तर कुठल्याही कारणानं जोरात रडणारं बाळ असंच दिसतं, आणि रडताना हवा गिळल्यानं पोट फुगतंही. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला विल्यम वुडवर्ड यांनी काढलं. त्यात शेपाचं तेल, सोडा, साखर आणि मद्यार्क असे. मद्यार्क नंतर गेला, पण रडणं कमी होतं याचा पक्का पुरावा आजही नाही. गॅसवर दिले जाणारे सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी असले तरी चाचण्यांत औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. डायसायक्लोमिन असलेले थेंब मात्र ६ महिन्यांखालच्या बाळाला देऊच नयेत, त्यानं श्वास थांबू शकतो. दुकानदार ‘पोटदुखीचे’ म्हणून जे काही देईल, त्यावरची नावं वाचा. मध चाटवणंही वर्षभर नको.

घुटीतलं जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ शांत झालं असं घराला वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. घरी बाळाला धरायला कुणी नसे आणि पाळी चुकवली तर पगार जाई. त्या आयांना दोष देववत नाही. पण बाळ निपचित पडलं म्हणजे बरं वाटलं, ही समजूत तेव्हाही घातक होती आणि आजही आहे. जुळ्यांत धोका अधिक, कारण एक बाळ दीड किलोचं आणि दुसरं सव्वादोन किलोचं असलं तरी चमचा तोच असतो. पहिले ६ महिने दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, एवढंच. वेखंड-ओव्याची धुरी आणि दृष्ट काढून जाळलेल्या मिरच्यांचा धूरही या नाजूक फुप्फुसांपासून लांब ठेवा.

‘सारखं घेतलंस तर हाताची सवय लागेल.’ या वयात बाळ लाडावत नाही. माँट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या अभ्यासात, रडत नसतानाही रोज जास्त वेळ कडेवर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. छातीवर दोघंही मावतात, आणि एक आईकडे, एक बाबांकडे किंवा आजोबांकडे असंही चालतं. २०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेच्या संशोधकांना दिसलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं न थांबता चाललं तर ते शांत होतं, बऱ्याचदा झोपतं. पण लगेच खाली ठेवलं तर जागं होतं. झोप लागल्यावर ५ ते ८ मिनिटं मांडीवर घेऊन बसा, मग ठेवा. जुळ्यांच्या घरात ही शेवटची ५ मिनिटंच घाईत गमावली जातात, कारण दुसरं बाळ हाका मारत असतं.

आणि इथेच सगळ्यांत जाचक समज येतो: चांगल्या आईला दोघांना एकाच वेळी शांत करता यायला हवं. दोन हातांच्या माणसाला ते रोज जमणार नाही. एकाला पाठीवर, स्वतःच्या सपाट अंथरुणात ठेवून दुसऱ्याला घ्या. वाट पाहणारं बाळ काही मिनिटं रडलं तर त्याला इजा होत नाही, त्याच्या मनावर ओरखडा उठत नाही. आधी कुणाला घ्यायचं? माझं मत: जे लवकर शांत होतं त्याला. म्हणजे मग दोन्ही हात हट्टी बाळासाठी मोकळे होतात. अर्थात भुकेलं असेल त्याचा मान पहिला. रात्री दोघांना शेजारी पण वेगळ्या अंथरुणात झोपवा.

डोकं फिरायची वेळ आली तर दोघांनाही पाठीवर ठेवून खोलीबाहेर जा, दार लोटा, पाणी प्या, ५-१० मिनिटांनी परत या. रडून बाळ मरत नाही. रागात गदागदा हलवल्यानं मात्र मेंदूत रक्तस्राव होऊन ते दगावू शकतं किंवा आंधळं होऊ शकतं. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात प्रसूतीनंतर ९ महिन्यांनी जुळ्या-तिळ्यांच्या आयांमध्ये नैराश्याच्या लक्षणांची शक्यता एका बाळाच्या आयांपेक्षा ४३ टक्के जास्त आढळली. तेव्हा ‘तू फार विचार करतेस’ म्हणण्याऐवजी रात्रीचं एक पाजणं कुणीतरी अंगावर घ्यावं. भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

‘जुळी आहेत, रडायचीच’ ही समजूतही तितकीच धोक्याची. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध नाकारणं, हिरवी उलटी, जांघेत आलेली गाठ, नेहमीपेक्षा तीक्ष्ण किंवा क्षीण रडणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एक बाळ थांबलं तरी दुसरं काही केल्या थांबत नसेल, तर त्याचे मोजे काढून पायाची बोटं एकेक करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, एखादा केस मोज्यात जाऊन बोटाला करकचून गुंडाळला जातो, बोट लाल होऊन सुजतं. केस सहज सुटला नाही तर ओढत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.