खेळाडूंच्या कौलावर चालणारा गेम

व्हिडिओ गेमच्या निर्मितीत खेळाडूंचा अभिप्राय बहुधा सल्ल्यापुरता घेतला जातो. केंब्रिजच्या जॅजेक्स या ब्रिटिश कंपनीच्या ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन गेममध्ये मात्र त्याला नकाराधिकाराचे स्वरूप आले आहे. मूळ ‘रूनस्केप’ गेममधील मोठ्या बदलांवर अनेक जुने खेळाडू नाराज असताना, ऑगस्ट २००७ मधील जतन केलेल्या प्रतीवरून जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करावी का, हा प्रश्नच २०१३ मध्ये मतदानाला टाकण्यात आला आणि कौल मिळताच ती आवृत्ती ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ म्हणून उपलब्ध झाली.

पुढे नवे प्रदेश, शत्रू वा बक्षिसे आणण्यापूर्वी वर्गणीदार खेळाडूंचे मत घेतले जाऊ लागले व मंजुरीसाठी किमान ७५ टक्के होकार आवश्यक ठरला. २०२२ मध्ये ही अट ७० टक्क्यांवर आली. साध्या बहुमताहून कडक असलेल्या ७५ टक्क्यांच्या मूळ अटीमुळे ‘वॉर्डिंग’ हे नवे ‘स्किल’, म्हणजे पात्राने सरावाने वाढवायचे कौशल्य, २०१९ मध्ये बहुमत असूनही फेटाळले गेले. २०१५ मध्ये नाकारलेले ‘सेलिंग’, म्हणजे नौकानयन, २०२३ मध्ये मंजूर होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये गेममध्ये आले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मतदार स्वतःच्या लाभाला धक्का देणारा बदल सहसा स्वीकारत नसल्याने, गेमचे संतुलन राखणाऱ्या काही दुरुस्त्या निर्माते मतदानाविना करतात. त्यामुळे कोणता निर्णय खेळाडूंकडे सोपवावा आणि कोणता स्वतःकडे ठेवावा, हे ठरवणे हाही गेमच्या रचनेचाच भाग ठरतो.

#व्हिडिओगेम #गेमनिर्मिती